प्रभूला सोडलेला चहा

माझ्या आजीनं वांगं सोडलं होतं. जळकोटच्या बाजूचं तिचं गाव. मामा लहानपणी तापानं आजारी पडला तेव्हा तिनं देवाला सांगितलं, पोराला बरं कर, मी वांगं खाणार नाही. मामा बरा झाला. आजी मरेपर्यंत वांग्याला शिवली नाही. भरल्या वांग्याचा घमघमाट सुटला की पदर नाकाला लावून म्हणायची, "मपलं देवाशी ठरलंय. तुमी खा."

त्यामुळे माझ्या आईला देवाकडं काही मोठं मागायचं झालं तेव्हा तिनं घरात पाहिलं होतं तेच केलं. फरक इतकाच की तोवर तिचा देव बदललेला होता. तिनं प्रभू येशूला चहा सोडला.

मागणं एकच होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, त्यांनी एक दिवस तिच्याबरोबर चर्चमध्ये येऊन बसावं. ते आत येऊन बसेपर्यंत चहा बंद.

वांगं का नाही सोडलं, असं मी विचारलं तर म्हणाली, "वांगं मला आवडतच न्हाई. देवाला फसवायचं व्हय?"

चहा मात्र तिचा जीव. उठल्यावर चहा, भाकरी थापून झाल्या की चहा, डोकं दुखलं की चहा, डोकं दुखायचं राहिलं की त्या आनंदात चहा. तो तिनं एका रविवारी बंद केला, आणि सोमवारी आमच्या घरात कुणाला तिच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

आई चर्चला कशी लागली तेही सांगते. मी पोटात होते तेव्हा शेजारी सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टरबाई राहायच्या. त्यांच्याबरोबर ती एकदा सहज गेली. तिथं बायका डोळे मिटून, आपल्या शब्दांत, आपल्या घरच्या भाषेत देवाशी बोलतात हे तिनं पाहिलं आणि तिला ते फारच पटलं. "मधी कुनी लागत न्हाई," ती म्हणायची. "डायरेक." पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. अप्पांनी अडवलं नाही. "तुझं तू बघ, मला वढू नको," एवढंच म्हणाले.

अप्पांचं कारण त्यांच्या धंद्यात होतं. मुखेडात त्यांचं मंडप-डेकोरेशनचं काम. लग्न असो, गणपती असो, जयंती असो, उरूस असो, खांब रोवायला आणि भोंगा बांधायला अप्पाच. नाताळला चर्चच्या अंगणात मंडप घालायचे तेही अप्पा, आणि शिखरावरचा मोठा तारा ते दुसऱ्या कुणाला बांधू द्यायचे नाहीत. पण तारा बांधला की शिडी खांद्यावर टाकून फाटकाबाहेर. "मी सगळ्यांचा मंडपवाला," ते म्हणायचे. "एकाच्या मंडपात बसलो की बाकीचे म्हनतील, ह्यो तिकडचा झाला."

दर रविवारी ते आईला मोटरसायकलवरून फाटकापाशी सोडायचे आणि समोरच्या टपरीवर बसायचे. उपासना संपेपर्यंत तिथं. आई आत त्यांच्यासाठी प्रार्थना करून राहिली, आणि हे बाहेर तिच्या वाटचा चहा पिऊन राहिले, असं सारं मुखेड म्हणायचं. टपरीवाला तर कप हातात देतानाच विचारायचा, "काय मिस्त्री, वहिनीला सुटका देता का आज?" अप्पा हसायचे. पण कप नंतर जरा जोरात आदळायचे.

चहा सोडणं सोपं असेल, पण चहाला नाही म्हणणं मराठवाड्यात सोपं नाही. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी चहा टाकतात आमच्याकडं. त्यातून आमच्यासारख्या मिश्र वस्तीच्या गल्लीत कुणाच्या घरचा चहा नाकारला तर समोरच्याच्या मनात शंभर शंका येतात, आणि त्यातल्या नव्व्याण्णव जातीच्या असतात.

गल्लीत एक बौद्ध कुटुंब होतं, घरच्यांसारखं. त्यांच्या घरी भोकरची नवी सून आली. तिनं पहिल्यांदा आईसमोर चहा ठेवला आणि आई म्हणाली, "मला चालत न्हाई गं." त्या पोरीचा चेहरा असा पडला की आईला बसल्या जागी कळलं आपण काय बोललो. ती उठली, सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, चुलीजवळ मांडी घालून बसली आणि म्हणाली, "भाकर हाय का? दे. ठेचा बी दे. आन त्या माठातलं पानी दे." भाकरी खाऊन झाल्यावर त्या पोरीला समोर बसवून चहाची सगळी हकीकत सांगितली. सून हसून हसून बेजार. "मावशी, मग तुमच्या मालकाला आमीच उचलून नेऊ की आत!"

तेव्हापासून आईनं रीतच पाडून घेतली. ज्या घरी चहा नाकारायचा त्या घरी काहीतरी खायचंच. कुठं पोहे, कुठं शिळी भाकरी, कुठं वाटीभर वरण. परिणाम व्हायचा तो झाला. डॉक्टरांनी वजन पाहून विचारलं, "चहा-साखर किती घेता?" आई छाती पुढं काढून म्हणाली, "शिवत सुदिक न्हाई, सायेब!" डॉक्टर विचारात पडले.

हे सगळं चालू असताना मी शिकत होते. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आई-अप्पांच्या दोन्हीकडच्या गोतावळ्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी सांगते कारण मला सांगावंसं वाटतं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डिग्र्या भिंतीवर आहेत त्यांना ते कळायचं नाही. बी.ए. नांदेडला केलं, बी.एड. लातूरला, आणि आता नांदेडला शाळेत शिकवते. कुणाची शिफारस नाही, कुणापुढं हात नाही. आमच्या घरात 'फुकट' हा शब्द शिवीसारखाच होता. अप्पा मंडपाच्या जेवणावळीतसुद्धा बसायचे नाहीत. "आपला डबा आपल्यापाशी," म्हणायचे. आईही तशीच. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत देताना वाटी शिगोशीग भरून द्यायची.

अशा घरात कृपा हा शब्द कळणं अवघड असतं. गाण्यांतून तो आम्ही रोज म्हणत होतो, ती गोष्ट निराळी.

मग आमच्या चर्चला नवे पास्टर आले. वयानं माझ्याएवढेच. उदगीरकडचे, त्यामुळं बोलण्यात कानडीचा हेल. जळकोट, मुखेडची खेडी मोटरसायकलवर फिरायचे. मी सुटीत घरी असताना ते भेटीला आले. आमच्याकडं पास्टर घरी आले की रीत ठरलेली असते: शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, मग चहा. प्रार्थना झाली, मी चहा आणला. त्यांनी पाहिलं, आईच्या हातात कप नाही.

"मावशी, तुम्ही?"

आई या प्रश्नाची वाटच पाहत असायची. तिनं सगळं सांगितलं. आधीच्या पास्टरांनी ऐकून "धन्य तुमचा विश्वास" म्हटलेलं होतं, तेव्हा हेही तेच म्हणतील अशा तयारीनं ती बसली.

पास्टरांनी कप खाली ठेवला. "मावशी, हा तर नवस झाला."

"व्हय. नवसच."

"आपल्यात नवस नसतो."

"का नसतो? द्यायचं काहीच न्हाई आन मागायचं तेवढं?"

"हो."

"फुकट?"

"फुकट. त्यालाच तर कृपा म्हणतात."

आईचा चेहरा कडक झाला. "पास्टर, मी फुकटचं कुनाचं घेत न्हाई. मानसाचं न्हाई, देवाचं तर न्हाईच न्हाई."

मला मनातून तिचं बरोबर वाटलं. मी म्हणालेही, "पास्टर, आमच्या घरात सगळं कष्टानं मिळवलेलं आहे. माझी डिग्रीसुद्धा."

ते माझ्याकडं वळले. "ताई, कॉलेजात असताना तुम्ही जेवायला कुठं होता?"

आता हे सगळ्या चर्चला ठाऊक होतं. मी नांदेडला होस्टेलवर होते तेव्हा मेसचं जेवण मला सोसेना, म्हणून माझा डबा मुखेडहून एसटीनं यायचा. आई पहाटे करायची, अप्पा स्टँडवर नेऊन कंडक्टरच्या हवाली करायचे, आणि मी नांदेडच्या स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचे. अप्पा त्या डब्याला मंडपाच्या सुतळीची अशी गाठ मारायचे की होस्टेलमधल्या चार पोरींनी मिळून ओढल्याशिवाय सुटायची नाही. एकदा तर आम्ही दातांनी सोडवली.

"डबा यायचा," मी म्हणाले.

"त्याच्यासाठी तुम्ही काय सोडलं होतं?"

"काहीच नाही."

"मागावा लागायचा?"

"नाही. यायचाच. उलट नको म्हटलं तरी यायचा."

"मग," असं म्हणून त्यांनी कप परत उचलला आणि उरलेला चहा शांतपणे पिऊन टाकला. निघताना दारात आईला म्हणाले, "मावशी, प्रार्थना सोडू नका. जोरात करा. पण चहा त्यात घालू नका."

आई त्या दिवशी माझ्याशी धड बोलली नाही. संध्याकाळी भाजी निवडता निवडता एकदम म्हणाली, "तुझं आन डब्याचं येगळं. लेकराला जेवू घालतंच की मानूस."

मी म्हटलं, "मग आपण त्याची लेकरंच म्हणतो ना स्वतःला?"

"तू लई शिकलीस," ती म्हणाली, आणि भेंडीचं देठ जरा जास्तच जोरानं मोडलं.

खरी भीती तिनं मला पुष्कळ दिवसांनी फोनवर सांगितली. "समज मी चहा पिले, आन हे कधीच आले न्हाईत तर? मग मला जल्मभर वाटंल, माज्या घोटभर चहापायी ऱ्हायले." मी बी.एड.ला मुलांच्या मनाचं सगळं शिकले होते, आईच्या मनाचा पेपर आमच्याकडं नव्हता.

डिसेंबर आला. मी नाताळच्या सुटीला मुखेडला आले तेव्हा चर्चच्या अंगणात मंडप चालू होता. अप्पा शिडीवर, तोंडात सुतळी, खाली दोन गडी कनात ताणून धरलेले. चर्चच्या बायकांनी सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता आणि आई कप भरून देत होती. इतक्या वर्षांत तिनं हे काम कधी सोडलं नव्हतं. स्वतः न पिता दुसऱ्याला पाजायचा. सगळ्यांना देऊन झालं. पातेल्यात थोडा उरला. आईनं तो एका कपात ओतला, रचून ठेवलेल्या खुर्च्यांतली एक ओढली, तिच्यावर बसली, आणि प्यायली.

बायका बोलायच्या थांबल्या. अंगणात असं सामसूम झालं की अप्पांनी वरून खाली पाहिलं.

त्यांच्या तोंडातली सुतळी पडली. "ए! काय करून राहिलीस?"

"चहा पिऊन राहिले."

अप्पा शिडीवरून उतरले. एवढ्या लगबगीनं मी त्यांना कधी उतरताना पाहिलं नव्हतं. "आन आपलं ते?"

"कोन्तं?"

"ते... माझ्यावरचं. मी तर अजून आत गेलो न्हाई."

"नका जाऊ."

"नका जाऊ म्हंजे?" अप्पांना राग आलेला होता, पण कशाचा ते त्यांनाही कळत नव्हतं. "येवढी वर्षं धरून बसलीस आन आता सोडून दिलं? थकलीस माझ्यापायी?"

"थकंल कशाला? प्रार्थना चालूच हाय. आज सकाळी बी केली, रातच्याला बी करीन." तिनं आणखी एक घोट घेतला. इतक्या वर्षांनी चव कशी लागली असेल कोण जाणे, पण चेहऱ्यावर तिनं काही दाखवलं नाही. "मी देवाला तुमचा भाव सांगत बसले व्हते. कपभर चहा. तुमची किंमत तेवढीच हाय व्हय?"

गडी खो-खो हसले. बायकांतून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री, मटण तरी सोडायचं व्हतं हिनं!" अप्पा परत शिडीवर चढले. तारा त्या वर्षी जरा तिरका बसला, आणि त्यांनी तो सरळ केला नाही.

त्या रविवारी ते टपरीवर बसले. पुढच्याही. टपरीवाल्याला आता विचारायला काही राहिलं नव्हतं. मुखेडातही चेष्टा थांबली. आईनं घरी त्यांना चर्चविषयी अवाक्षर काढलं नाही, फक्त प्रार्थना मोठ्यानं करायची, आणि अप्पा त्या वेळी अंगणात जाऊन बांबू मोजायचे.

सुटी संपून मी नांदेडला निघाले तेव्हा अप्पा मला स्टँडवर सोडायला आले. बस लागायची होती. सिमेंटच्या बाकावर बसून त्यांनी एकाएकी सांगितलं.

"माय, मला तवाच जायचं व्हतं. त्या सिस्टरबाई वारल्या, त्यांच्यासाठीच्या उपासनेत आत तुझी आई गात व्हती, तवा मी फाटकात उभा व्हतो. पाय उचलला व्हता मी. मग मनात आलं, आता गेलो तर टपरीवर म्हनतील, बाईच्या चहापायी गेला. हरला."

"मग आता?"

"आता काय. आता कुनी बोलावतच न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात इतकी तक्रार होती की मला हसू आवरेना. म्हणजे ज्या चहानं त्यांना आत आणायचं त्याच चहानं त्यांना बाहेर ठेवलं होतं. मी बसमध्ये बसल्यावर हे आईला फोन करून सांगणार होते. मग वाटलं, नको. हे त्या दोघांचं आहे, आणि काही देवाचं.

उन्हाळ्यात, सण नाही समारंभ नाही अशा एका रविवारी मी घरी होते. अप्पांनी आम्हाला फाटकापाशी सोडलं. आई आणि मी आत जाऊन बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलो. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा दारात सावली पडली. मी मागं पाहिलं. अप्पा. पायातल्या चपला कुठं काढाव्यात हे न कळून त्या हातातच धरलेल्या. गावातल्या प्रत्येक कार्याची बैठक ज्या माणसानं मांडली, तो माणूस आत आला आणि सरळ बायकांच्या बाजूला शेवटी बसला.

मागची म्हातारी जराही दचकली नाही. शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "सरक गं, बसू दे. लई लांबून आलंय."

"मिस्त्री, तुम्ही?" कुणीतरी पुरुषांच्या बाजूनं कुजबुजलं.

"मंडप बांधनाऱ्यानं कवातरी मंडपात बसावं का न्हाई?" अप्पा म्हणाले. कुजबुजायची सवय नसल्यामुळे ते साऱ्या चर्चला ऐकू गेलं.

आईनं मान वळवली नाही. तिला कळलं होतं. तिचा आवाज त्या ओळीत एकदम तुटला होता आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता. पास्टरांनीही पाहिलं, आणि त्यांना मी त्यासाठी आजही मानते, त्यांनी सरळ पुढची ओळ धरली.

तेवढ्यात स्पीकरनं शिट्टी मारली. चर्चचा स्पीकर जुना होता आणि दर रविवारी शिट्टी मारायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. अप्पांना नव्हती. एकदा सोसली, दुसऱ्यांदा सोसली. तिसऱ्यांदा ते उठले, चपला म्हातारीच्या हवाली केल्या, आणि सगळ्यांच्या मधून चालत थेट पुढं गेले. वेदीच्या बाजूला मशीन होतं. वाकून त्यांनी एक वायर काढली, दुसरीकडं खोचली, माइक जरा वळवून ठेवला. शिट्टी बंद झाली. गाणं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

आणि मग ते वळले, तर समोर सगळं चर्च. परत मागं जायचं म्हणजे सगळ्यांच्या नजरेतून तेवढंच अंतर. ते उभेच राहिले, खिशातली वायरची टेप काढून ती चाळवत. पुरुषांच्या पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थानं गुडघे आवरले आणि जागा केली. अप्पा बसले. मांडी घातली. गाण्याचं पुस्तक कुणीतरी त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांनी ते उघडलं नाही, पण टाळी द्यायला सुरुवात केली. ताल चुकत होता.

आईनं आता मान वर केली. पुढचं कडवं सुरू व्हायला वेळ होता, पेटी अजून मधली चाल वाजवत होती. तिला तेवढा धीर धरवेना. सगळ्यांच्या आधी, एकटीनं, खणखणीत आवाजात तिनं ते उचललं, आणि बाकी चर्चला तिच्या मागं धावावं लागलं.